रीमास्टर्ड रेकॉर्डचा आवाज खटकतोय? दोष कुठे शिरला ते शोधायची रीत

नवी कोरी, जाडजूड, ‘रीमास्टर्ड’ असं स्टिकर मिरवणारी एलपी तीन-चार हजार रुपये मोजून घरी आणायची आणि ती जुन्या बाजारातल्या दोनशे रुपयांच्या प्रतीपेक्षा वाईट वाजायची, हा अनुभव रेकॉर्ड जमवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. मग ठरलेला निकाल लागतो: रीमास्टरिंग भिकार आहे. पण या एका वाक्याखाली पाच-सहा वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. कुठे दुसरी प्रत मागवली की काम होतं. कुठे दहा प्रती मागवल्या तरी आवाज तसाच राहतो. आणि कुठे दोष रेकॉर्डचा नसतोच, आपल्या सुईचा असतो.

आवाज आपल्यापर्यंत कसा येतो ते एकदा डोळ्यांपुढे आणा. मूळ टेप, तिच्यावरून मास्टरिंग (आवाजाची पातळी आणि तोल ठरवून अंतिम प्रत तयार करणं), मग लॅकरच्या, म्हणजे मऊ रोगणाचा थर दिलेल्या, तबकडीवर कटिंग, म्हणजे खाच कोरणं. लॅकरवर चांदीचा थर देऊन निकेलचा ‘फादर’ काढतात, त्यावरून ‘मदर’, मदरवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परच्या दाबाखाली रेकॉर्ड. पुढे कुरिअर आणि शेवटी तुमचा टर्नटेबल. तपास उलट्या दिशेने करायचा, सुईपासून टेपकडे. जवळच्या गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत, म्हणून.

पहिली पायरी: आधी स्वतःचं यंत्र

जी रेकॉर्ड वर्षानुवर्षं ऐकून पाठ झाली आहे आणि स्वच्छ वाजते हे माहीत आहे, अशी एक बाजूला काढा. शक्यतो तिच्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचा आवाज असावा. नव्या रेकॉर्डवर जे खटकलं ते या ओळखीच्या रेकॉर्डवरही ऐकू आलं, तर पुढचा तपास इथेच थांबवा आणि टर्नटेबलकडे वळा.

सुईवर धुळीचा गोळा बसलाय का, भिंगातून पाहा. सुईचा दाब डिजिटल काट्यावर मोजा. टोनआर्मवरच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या, आकड्यांवर विसंबू नका. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतल्या कार्ट्रिजना (सुई बसवलेला छोटा भाग) साधारण २ ग्रॅम लागतात; तुमच्या कार्ट्रिजच्या कागदावर जो आकडा असेल तो पाळा. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते हा समज घातक आहे. हलकी सुई खाचेत घट्ट बसत नाही, उडते, आणि भिंती खरवडते. मग प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) ठेवून कार्ट्रिजचा कोन जुळवा. बेअरवाल्ड पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई खाचेला अचूक समांतर असायला हवी.

सुईचं वयही बघा. याच मालिकेत कंपनी शंकूच्या आकाराच्या सुईला सुमारे ५०० तास, लंबवर्तुळाकार सुईला ३०० आणि मायक्रोलिनिअरला १००० तास देते. रोज एक एलपी ऐकणाऱ्याचे ३०० तास दीड वर्षाच्या आत सरतात.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. बऱ्याच टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण असतं. १९५४ पासून रुळलेल्या आरआयएए पद्धतीनुसार रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबतात आणि वरचे चढवतात. २० हर्ट्झला आणि २० किलोहर्ट्झला हा फरक प्रत्येकी २० डेसिबेलच्या आसपास असतो. फोनो प्रीअँप तो उलटवून मूळ तोल परत आणतो. प्रीअँप वगळला गेला तर आवाज किरटा आणि बारीक येतो, दोनदा लागला तर फुटतो. ‘रीमास्टरमध्ये बास नाहीच’ अशा तक्रारींपैकी काही या बटणाशीच मिटतात.

सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर वापरत असाल तर एवढंच सांगतो: त्यावर रीइश्यूची, म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीची, पारख करू नका. त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज पाच-सहा ग्रॅमच्या दाबाने चालते आणि महागडी व स्वस्त रेकॉर्ड तिथे सारखीच वाजते.

दुसरी पायरी: नवी रेकॉर्डसुद्धा धुवा

नवी म्हणजे स्वच्छ असं नसतं. कागदी आतल्या पाकिटाचा भुसा आणि कारखान्यातली धूळ स्थिर विजेने खाचांना चिकटून येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रेकॉर्डसाठीचं द्रावण घालून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवून धुवा, दुसऱ्या स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने खंगाळा आणि उभी ठेवून वाळवा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरलं तर क्षार खाचेतच वाळतात आणि धुण्याआधीपेक्षा जास्त कडकड होते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल घातलेलं द्रावण व्हिनाइलला थोड्या प्रमाणात चालतं, पण जुन्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

हवामानाचाही हात असतो. मुंबई-कोकणात स्थिर विजेचा त्रास कमी, बुरशीचा जास्त. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या थंडीत नेमकं उलटं: पाकिटातून रेकॉर्ड काढताना चटचट आवाज येतो आणि तोच पुढे स्पीकरमधून ऐकू येतो. कार्बन फायबरचा ब्रश आणि आत प्लास्टिकचं अस्तर असलेली पाकिटं घेतलीत की निम्मा त्रास जातो.

धुतल्यावर कडकड गेली तर प्रश्न मिटला. जागच्या जागी राहिली तर पुढे चला.

तिसरी पायरी: प्रेसिंगचे दोष

इथे जरा वेळ काढा, कारण बदलून मिळण्याजोगे बहुतेक दोष याच पायरीवर सापडतात.

आधी घड्याळ. ३३⅓ च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. टक्... टक्... असा आवाज बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल तर एकाच जागी अनेक खाचांना आडवं जाणारं काहीतरी आहे, ओरखडा किंवा फुगवटा. दिव्याखाली तिरपी धरून पाहा. ओरखडा दिसतो, फुगवटा बोटाच्या पेरालाही लागतो. वेळ न पाळणारी विस्कळीत कडकड बहुधा धूळ किंवा स्थिर वीज असते.

दुसरा दोष ओळखायला शिका, कारण तो नव्या रेकॉर्डांवर फार आढळतो आणि लोक त्याला भलतंच नाव देतात. इंग्रजीत त्याला नॉन-फिल म्हणतात. प्रेसमध्ये तापमान किंवा दाब कमी पडला, किंवा घाईघाईने साचा उघडला, की गरम व्हिनाइल खाचेच्या भिंतीपर्यंत पुरतं पोचत नाही. भिंतीत सूक्ष्म पोकळ्या राहतात. वाजताना कागद फाटल्यासारखा खर्रर्र आवाज येतो, बहुतेकदा एकाच बाजूच्या स्पीकरमधून, काही सेकंद टिकतो आणि जातो. तिरप्या उजेडात त्या जागी टाके घातल्यासारखी करडी-जांभळट रेघ दिसते. कितीही धुतलंत तरी तो जात नाही. खरा नॉन-फिल दिसला की रेकॉर्ड परत करा, दुसरा विचार करू नका.

तिसरा दोष म्हणजे भोक मध्यात नसणं. रेकॉर्ड फिरताना टोनआर्म डोक्याच्या बाजूने पाहा. तो दर फेऱ्याला आत-बाहेर झुलताना दिसला तर भोक सरकलेलं आहे. किती बिघडतं याचा हिशेब सोपा आहे. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं असेल तर मध्यापासून १०० मिलिमीटरवर सूर अर्धा टक्का वर-खाली होतो, आणि लेबलजवळ, ६२ मिलिमीटरवर, ०.८ टक्के. सा आणि कोमल रे यांच्यातलं अंतर सुमारे सहा टक्के आहे, म्हणजे त्या अंतराच्या साधारण सातव्या भागाइतकं हेलकावणं दर १.८ सेकंदांनी. ढोल-गिटारच्या गर्दीत हे झाकलं जातं. पियानोचा लांबलेला सूर, हार्मोनियम आणि सर्वांत जास्त तानपुरा ते लगेच उघड करतो. शास्त्रीय संगीताची रेकॉर्ड तपासायची असेल तर आलापाच्या सुरुवातीला, गायक थांबलेला असताना, तानपुऱ्याचा षड्ज ऐका. तो हलत असेल तर गायकाला दोष देऊ नका.

वाकडेपणा उरलाच. थोडी लाटेसारखी उठणारी रेकॉर्ड सुई सहज झेलते, आवाजावर फरक पडत नाही. नुसती दिसते म्हणून परत करू नका. सुई उडत असेल किंवा सूर हलत असेल तरच तक्रार. आपल्याकडे हा दोष कारखान्यापेक्षा रस्त्यात जास्त शिरतो: साधारण साठ अंशांच्या पुढे हे व्हिनाइल मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात बंद टेम्पोत तेवढं तापमान होणं अशक्य नाही. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर महागड्या ऑर्डरी जूननंतर करा. ओव्हनमध्ये घालून सरळ करायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका.

एक शेवटची गोष्ट. दुसरी प्रत मागवल्यावर त्याच गाण्यात, त्याच सेकंदाला तोच आवाज आला तर दोष त्या एका तबकडीचा नसून स्टॅम्परचा किंवा त्याच्या आधीचा आहे. एका स्टॅम्परवर साधारण हजारभर रेकॉर्ड निघतात. तिसरी प्रत त्याच दुकानातून घेण्यात मग अर्थ नसतो, कारण त्याच खोक्यातली मिळेल. काही महिने थांबा किंवा दुसऱ्या देशातलं प्रेसिंग बघा.

चौथी पायरी: कटिंग

प्रेसिंग निर्दोष आहे, तरी बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात. ही तक्रार रीइश्यूंबद्दल सर्वांत जास्त येते. तिच्यात थोडा वाटा भूमितीचा असतो. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ जेमतेम २१. म्हणून १० किलोहर्ट्झचा एक तरंग कडेला ५१ मायक्रॉन लांब असतो, आत २१ मायक्रॉन. शंकूच्या आकाराच्या सुईचं टोक सुमारे १५ मायक्रॉन त्रिज्येचं. ते या तरंगाच्या वळणात मावतच नाही.

तपास असा: तेच गाणं मायक्रोलाइन किंवा शिबाटा अशी बारीक धारेची सुई असलेल्या मित्राच्या यंत्रावर ऐका. तिथे ‘स’ साफ आला तर रेकॉर्ड ठीक आहे, तुमची सुई बदला. तिथेही फाटला तर गाण्याचं डिजिटल रूप लावा. त्यातही ‘स’ टोचत असेल तर मास्टरिंगमध्येच वरचे सूर चढवलेत. डिजिटल रूप साफ आणि चांगल्या सुईवर रेकॉर्ड खराब, असं झालं तरच कटिंगला दोष द्या.

कटिंगच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ मात्र एका जागी असतं: बाजूची लांबी. अठरा ते बावीस मिनिटांची बाजू आरामात कापता येते. पंचवीस मिनिटांच्या पुढे खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, म्हणून आवाजाची पातळी उतरवावी लागते किंवा बास छाटावा लागतो. पातळी उतरली की पृष्ठभागाची खरखर वर येते. त्यामुळे ‘बोनस गाण्यांसह’ असं लिहिलेली एकच एलपी दिसली की माझा हात आखडतो. नव्वदच्या दशकात सीडीसाठी केलेला सत्तर मिनिटांचा अल्बम एका एलपीत कोंबला असेल तर घेऊच नका. दोन एलपींवर किंवा ४५ आरपीएमवर असेल तर किंमत वाढते, पण जागाही मिळते. घेण्याआधी गाण्यांचे कालावधी बेरीज करून पाहा, एवढं काम दोन मिनिटांचं आहे.

गाणं सुरू होण्याआधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते का? दोन कारणं संभवतात. लॅकर मऊ असतं, शेजारची खाच कापताना आधीच्या भिंतीत किंचित ठसा उमटतो. ही चाहूल नेहमी बरोबर एक फेरा, म्हणजे १.८ सेकंद आधी येते. दुसरं कारण टेपचं: गुंडाळलेल्या टेपच्या थरांनी एकमेकांवर चुंबकीय छाप सोडलेली असते. ती सीडीवरही ऐकू येते, खाचेची येत नाही. डेडवॅक्सवर, म्हणजे गाणं संपल्यावर लेबलभोवती उरणाऱ्या गुळगुळीत पट्ट्यावर, ‘डीएमएम’ असं कोरलेलं असेल तर कटिंग लॅकरऐवजी कठीण तांब्यावर केलेलं असतं आणि खाचेची चाहूल फार कमी असते. त्या पद्धतीचा आवाज काहींना चकचकीत वाटतो. मला रॉकमध्ये चालतो, व्हायोलिनमध्ये नाही.

पाचवी पायरी: मास्टरिंग

आता खऱ्या संशयिताकडे. मास्टरिंगची पारख करायला तुलनेसाठी दुसरं काहीतरी लागतं: जुनी प्रत, जुनी सीडी, एखादं आधीचं रीइश्यू. नुसत्या आठवणीशी तुलना करू नका.

दोन्ही गोष्टी एकाच पातळीवर आणा. एक डेसिबेल मोठा असलेला आवाज कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो, मोठा वाटत नाही. हीच खरी फसगत. दोन्हीकडून त्याच ओळीचा तुकडा ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर मुद्रित करा, सरासरी पातळी जुळवा आणि मग ऐका. कुणाला तरी बटण दाबायला सांगून, कुठला तुकडा कुठला ते न कळता ऐकता आलं तर उत्तम.

आता काय ऐकायचं? पहिलं, ठोक्याचा उठाव. तबल्याचा ‘ना’, ड्रमचा रिमशॉट, सतारीचा मिझराब: आवाजाच्या आधी टोक येतं का, की सगळं एकाच भिंतीसारखं पुढे येतं? भिंत असेल तर लिमिटर, म्हणजे आवाजाची शिखरं छाटणारं साधन, जोरात दाबलाय. नव्वदच्या दशकापासून सीडी मोठ्या आवाजात काढायची जी चुरस लागली, तीच मास्टर फाइल रेकॉर्ड कापायला वापरली की हे होतं. दुसरं, गाणं विरत जाताना आणि दोन ओळींमधल्या शांततेत काय आहे. खोलीचा गुंजारव शेवटपर्यंत नैसर्गिक विरतो, की मध्येच कापल्यासारखा होतो? मागे पाण्याखालून आल्यासारखी सळसळ आहे का? ती खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरची खूण आहे.

हा दुसरा मुद्दा आपल्या संगीतात जास्त बोचतो. ७८ आरपीएमवरून घेतलेली जुनी नाट्यगीतं आणि ख्याल स्वच्छ करताना सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाही खरखरच समजतं. दोघांचा पसारा सारखाच: सतत, बारीक, वरच्या पट्टीत भरून राहिलेला. खरखर जाते, सोबत तानपुरा जातो, आणि गायक पोकळीत उभा राहून गातोय असं वाटतं. शिवाय १९५४ च्या आधीच्या तबकड्यांवर प्रत्येक कंपनीची सूर दाबण्या-चढवण्याची पद्धत वेगळी होती. उतरवून घेताना चुकीची वापरली तर तोच गायक दबलेला किंवा कर्कश लागतो. माझ्या मते थोडी खरखर राहू दिलेली प्रत नेहमी घ्यावी. कान दहा मिनिटांत ती बाजूला सारतो. गेलेला तानपुरा काही केल्या परत येत नाही.

एक इशारा. रेकॉर्ड मुद्रित करून डायनॅमिक रेंज, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर, मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की सीडीपेक्षा तीन-चार आकडे जास्त येतात आणि लोक खूश होतात, व्हिनाइलचं मास्टरिंग वेगळं केलंय म्हणून. बहुतेकदा तसं काही नसतं. कटिंग आणि वाजवण्याच्या प्रक्रियेत तरंगांचे टप्पे सरकतात, सपाट केलेली शिखरं तिरकी होतात आणि मोजणाऱ्याला ती उंच दिसतात. फाइल तीच, दाबलेपणा तोच. म्हणून आकड्यापेक्षा ठोक्याचा उठाव ऐका. स्पेक्ट्रोग्रामचंही, म्हणजे कुठल्या क्षणी किती उंच सूर आहेत ते दाखवणाऱ्या चित्राचंही, तसंच: १६ किलोहर्ट्झला कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर एमपी३ सारख्या स्रोताचा दाट संशय घ्या, पण रेघ दिसली नाही म्हणून स्रोत शुद्ध असं म्हणता येत नाही, कारण सुईची स्वतःची विकृतीही वरचा भाग भरून काढते.

आणि जुनं ते सोनं हे इथे नेहमी खरं नसतं. जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या मार्च १९५९ च्या मुद्रणात एक टेप मशीन हळू चाललं होतं, त्यामुळे मूळ रेकॉर्डची पहिली बाजू कित्येक वर्षं जवळपास पाव सूर चढी वाजत होती. १९९२ मध्ये राखीव टेप वापरून ती दुरुस्त झाली. सूर बरोबर हवा असेल तर या अल्बमचं पहिलं प्रेसिंग नव्हे, नंतरचंच घ्यायला लागतं.

सहावी पायरी: मुळात कशावरून कापलं?

स्टिकर वाचायला शिका. ‘१८० ग्रॅम’ हे वजन आहे, आवाजाचं मोजमाप नाही. ‘रीमास्टर्ड’ म्हणजे कुणीतरी पुन्हा मास्टर केलं, चांगलं की वाईट ते सांगत नाही. ‘मूळ टेपवरून’ या शब्दांना थोडा अर्थ आहे, पण पुढचा प्रश्न विचारावा लागतो: मूळ टेपवरून थेट कापलं, की मूळ टेपची डिजिटल फाइल करून तिच्यावरून?

बीटल्सचं उदाहरण बोलकं आहे. २०१२ मध्ये आलेल्या स्टीरिओ रेकॉर्ड २००९ च्या डिजिटल रीमास्टरवरून, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलींवरून कापल्या होत्या. २०१४ मध्ये मोनो संच आला तो अॅबी रोड स्टुडिओत शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांनी टेपवरून, मध्ये एकही डिजिटल टप्पा न ठेवता. गाणी तीच, स्टुडिओ तोच, दोन वर्षांचं अंतर, आणि संग्राहकांचा कौल उघड मोनो संचाकडे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर वजन आणि चकचकीत वेष्टनावरून फरक कळणार नाही.

पण ‘डिजिटल म्हणजे वाईट’ असा नियम यातून काढू नका. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी अस्सल अॅनालॉग म्हणून नावाजलेली. २०२२ च्या जुलैमध्ये उघड झालं की ती बऱ्याच रेकॉर्डांसाठी टेपवरून डीएसडी ही डिजिटल फाइल करून तिच्यावरून कापत होती. प्रकरण कोर्टात गेलं. गंमत अशी की त्याच रेकॉर्डांच्या अॅनालॉग उबदारपणाचं कौतुक तोवर जाणकारांनी भरभरून केलं होतं. चूक कंपनीने गोष्ट झाकली ही होती. आवाज बहुतेकांना आवडलाच होता. मधला डिजिटल टप्पा नीट केलेला असेल तर तो ऐकू येईलच असं नाही. दाबलेला लिमिटर मात्र ऐकू येतोच.

डेडवॅक्सवरची अक्षरं स्टिकरपेक्षा खरं बोलतात. टॉर्च तिरपी धरून वाचा. ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ म्हणजे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली जॅझ. ‘केपीजी’ म्हणजे कटिंग करणारे केव्हिन ग्रे. २०१९ पासून निघणारी ब्लू नोट या जॅझ कंपनीची टोन पोएट मालिका त्यांनी मूळ टेपवरून कापली आहे आणि आज नव्या रेकॉर्डांमध्ये डोळे मिटून घ्याव्यात अशा फार थोड्यांपैकी ती एक आहे. ‘बीजी’ म्हणजे बर्नी ग्रंडमन, तेही कटिंग करणारेच. काहीच नाव नाही, फक्त कारखान्याचा क्रमांक आहे, आणि वेष्टनावर मास्टरिंग कुणी केलं ते छापलेलं नाही, तर अपेक्षा कमी ठेवा.

युरोपातून येणाऱ्या स्वस्त जॅझ रेकॉर्डांबद्दल विशेष सावध राहा. तिथे १९६३ च्या आधी प्रकाशित झालेली बरीच ध्वनिमुद्रणं हक्कमुक्त आहेत. संरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षांवर गेलं तेव्हा आधीच मुक्त झालेली परत बांधली गेली नाहीत. मूळ टेप ज्या कंपनीकडे आहे ती या लेबलांना टेप देत नाही. मग ती कापणार कशावरून? बहुतेकदा सीडीवरून. वाजतात त्या बऱ्या, पण सीडीच घेतलीत तर पैसे वाचतील. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातल्या आपल्या मुद्रणांबाबतही हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

जुन्या मोनो मुद्रणाचं ‘स्टीरिओ’ रीइश्यू दिसलं तर अँप्लिफायरचं मोनो बटण दाबून पाहा. खरा मोनो असेल तर आवाज तसाच राहतो, उलट खरखर थोडी कमी होते. ओढूनताणून केलेला स्टीरिओ असेल तर मोनो करताच आवाज पोकळ आणि बारीक होतो. साठ-सत्तरच्या दशकात एका बाजूला बास, दुसऱ्या बाजूला वरचे सूर टाकून वर थोडा गुंजारव चोपडायची पद्धत होती, आणि त्या टेपा अजूनही कुठेकुठे मूळ म्हणून वापरल्या जातात.

आपल्या जुन्या एचएमव्हीच्या प्रती, म्हणजे सन २००० मध्ये सारेगामा झालेल्या ग्रामोफोन कंपनीच्या दमदमच्या कारखान्यातल्या, या बाबतीत संमिश्र. व्हिनाइल कधी खडबडीत, पण टेप तेव्हा ताजी होती. स्वच्छ प्रत मिळाली तर तुलनेसाठी तिच्यासारखं काही नाही. ती शोधताना चकाकीला भुलू नका. तिरप्या उजेडात खाचा करड्या दिसत असतील तर जड सुईने त्या आधीच खाल्ल्या आहेत.

परत करायची की ठेवायची

नॉन-फिल, सरकलेलं भोक, फुगवटा, सुई उडवणारा वाकडेपणा: परत करा आणि तीच रेकॉर्ड पुन्हा मागवा. लिमिटरने दाबलेलं, खरखरीसोबत तानपुरा पुसलेलं, सीडीवरून कापलेलं: प्रत बदलून उपयोग नाही, वेगळं प्रेसिंग शोधा. पंचवीस मिनिटांच्या पुढची बाजू: दोन एलपींची आवृत्ती निघण्याची वाट बघा.

ऑनलाइन घेत असाल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या. टोनआर्म झुलतोय त्याचं वरून चित्रण आणि खर्रर्र आवाजाचा तुकडा सोबत द्या, गाण्याचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहून. ‘आवाज बरोबर नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार ग्राहक सेवेतला माणूस समजू शकत नाही. ‘बाजू ब, तिसरं गाणं, १ मिनिट १२ सेकंदांपासून डाव्या स्पीकरमध्ये, धुतल्यावरही’ असं लिहिलं की हरकत घ्यायला जागा उरत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, ही ओळ शेवटी घालायला हरकत नाही.

मास्टरिंगबद्दलची तक्रार मात्र परतीच्या अर्जात लिहू नका, तिथे तिचा उपयोग होत नाही. ती डेडवॅक्सवरच्या अक्षरांसकट वहीत नोंदवा: कुठलं प्रेसिंग, कुणी कापलं, कशाशी तुलना केली. पुढच्या वेळी त्याच अक्षरांची रेकॉर्ड हातात आली की पाकीट उघडायच्या आधीच बरंच कळलेलं असेल.